टर्कीचे त्रैराशिक

कतारची राजधानी दोहा येथे २५ डिसेंबर हा कामाचा दिवस असतो. १८ डिसेंबरला राष्ट्रीय दिनाची सुट्टी होऊन गेलेली असते, मरून-पांढरे झेंडे अजून खांबांवर फडकत असतात, आणि नाताळच्या सकाळी दवाखाने, कचेऱ्या व बांधकामे नेहमीप्रमाणे सुरू होतात. तेथील आठवड्याची सुट्टी शुक्रवार-शनिवारी. नाताळ त्या दिवशी आला तर नशीब. २०२५ साली तो गुरुवारी आला. २०२६ साली शुक्रवारी येतो.

तरीही दोह्यात नाताळ होतो, आणि चांगला होतो. मेसैमीर भागात सरकारने दिलेल्या जागेवर ख्रिस्ती पंथांची प्रार्थनामंदिरे एकाच आवारात उभी आहेत; त्यांतले रोझरी मातेचे कॅथलिक चर्च २००८ साली उघडले. इमारतीवर बाहेरून क्रूस नाही, घंटाही नाही. आत मात्र गोव्याची, केरळची, फिलिपिन्सची, लेबनॉनची माणसे दाटीवाटीने उभी असतात. प्रार्थना झाली, ड्यूटी झाली, की मग घरचे जेवण. म्हणून 'टर्की किती वेळ भाजायची' हा प्रश्न दोह्यात पाककृतीच्या पुस्तकापुरता राहत नाही. दुपारी तीनला सुटणाऱ्या बाईने रात्री आठला पाहुण्यांच्या पानात काय वाढायचे, हा तो प्रश्न आहे.

वाचक विचारतील, मराठी माणसाचा याच्याशी संबंध काय? आहे. आमची एक भाची दोह्यात परिचारिका आहे. गणपतीत मोदक खायला आणि दिवाळीला फराळाला तिच्या वॉर्डातल्या फिलिपिनो मैत्रिणी तिच्या घरी न चुकता येतात. त्यांची मुलेबाळे दूर गावी आजीपाशी, आणि या वाळवंटात. आपल्या सणाला ज्यांनी आपले घर भरले, त्यांचा सण त्यांनी खानावळीत काढावा हे भाचीला बरे वाटेना. २०२५ च्या नाताळात त्यांना घरी जेवायला बोलावायचे तिने ठरवले. त्यांच्या देशात या दिवशी मोठा मान डुकराच्या मांसाचा. पण कतारमध्ये ते साध्या दुकानांत विकले जात नाही. म्हणून टर्की. मोठी हॉटेले डिसेंबरात भाजलेली टर्की घरी न्यायला देतात, पण परिचारिकेच्या पगारात ती चैन झाली. तेव्हा घरीच भाजायची.

दोह्यातल्या मोठ्या दुकानांत ही टर्की दगडासारखी गोठलेली मिळते, परदेशातून आलेली, वेष्टनावर हलालचा शिक्का. अरबीत तिला म्हणतात 'दीक रूमी', म्हणजे रोमचा कोंबडा. या पक्ष्याइतके खोटे पत्ते दुसऱ्या कुणाच्या नावावर नसतील. मूळचा तो मेक्सिकोच्या बाजूचा; सोळाव्या शतकाच्या आरंभी स्पॅनिश लोकांनी युरोपात नेला. इंग्रजांनी तो तुर्कस्तानचा मानला, तर खुद्द तुर्क त्याला 'हिंदी' म्हणतात. आपल्या मॉरिशसमध्ये क्रिओलीत आपण 'दिंद' म्हणतो, ते फ्रेंचांचे 'हिंदुस्थानचे' या अर्थाचे नाव. पोर्तुगीजांनी त्याला 'पेरू' म्हटले, आणि आपण मराठी माणसांनी 'पेरू' म्हणून भलतेच फळ खाल्ले! हिंदुस्थानात मात्र हा पक्षी खरोखर गोव्याच्या वाटेने आल्याची नोंद आहे. १६१२ साली जहांगीर बादशहाच्या मुकर्रबखान नावाच्या सरदाराने गोव्याहून ज्या नवलाच्या वस्तू आणल्या, त्यांत एक टर्की होती. बादशहाने आपल्या आठवणींत तिच्या मानेवरचे बदलते रंग बारकाईने लिहून ठेवले आणि मन्सूर या चित्रकाराकडून तिचे चित्र काढवून घेतले. ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

असो. आता भाचीच्या घरी जाऊ. तिने घेतलेली टर्की साडेचार किलोची होती. किती वेळ भाजायची, हे तिने वॉर्डातल्या एका अमेरिकन डॉक्टरीणबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "ओव्हन एकशे साठवर ठेव आणि किलोला अर्धा तास धर. मी दरवर्षी तसेच करते." साडेचार किलो, म्हणजे सव्वादोन तास. पाच वाजता टर्की ओव्हनमध्ये गेली, सव्वासातला बाहेर आली. वरून अशी सोनेरी की फोटो काढावा. आठला पाहुणे बसले, मांडीपाशी सुरी घातली, तर सांध्याजवळ मांस गुलाबी आणि पाणी लालसर. टर्की आत नेऊन, तुकडे करून, पुन्हा भाजावी लागली. नऊ वाजून गेले. दोघींची रात्रपाळी होती; त्या भात आणि कोशिंबीर खाऊन हसतमुखाने निघून गेल्या. भाचीला लागले ते हे.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "मावशी, डॉक्टरीणबाईंनी चुकीचं सांगितलं का गं?"

चुकीचे सांगितले नव्हते. त्या बाईंची टर्की दरवर्षी नऊ किलोची असते. नऊ किलोला साडेचार तास, हे बरोबर आहे. अमेरिकेच्या शेती खात्याचे कोष्टकही १६३ अंश सेल्सियसच्या ओव्हनमध्ये त्या वजनाला सव्वाचार ते साडेचार तास सांगते. पण तेच कोष्टक साडेचार किलोच्या टर्कीला पावणेतीन ते तीन तास सांगते, सव्वादोन नव्हे. वजन निम्मे झाले म्हणून वेळ निम्मा होत नाही. येथे आपले शाळेतले त्रैराशिक चालत नाही.

मजुरांचे आणि धान्याचे हिशेब त्रैराशिकाने सुटतात, कारण दुसरा किलो पहिल्या किलोशेजारी स्वतंत्र बसलेला असतो. टर्कीचा दुसरा किलो पहिल्याच्या आत-बाहेर चिकटलेला असतो. उष्णता कातडीपासून आत शिरते, आणि तिला मधल्या हाडापर्यंत पोचायला किती जाडी ओलांडायची यावर वेळ ठरतो. बटाट्याचेच पाहा. एका बटाट्याच्या दुप्पट जाड आणि अगदी त्याच आकाराचा दुसरा बटाटा घेतला, तर त्याचे वजन आठपट भरेल. पण उकडायला वेळ लागेल सुमारे चौपट. जाडी दुप्पट तर वेळ चौपट, वजन मात्र आठपट. ज्याने लहान बटाट्यावरून त्रैराशिक मांडले तो मोठ्याचा लगदा करील, आणि ज्याने मोठ्यावरून मांडले त्याचा लहान बटाटा आत कच्चा राहील. भाचीचे झाले ते हे दुसरे. टर्की काही गोल बटाटा नव्हे, म्हणून हिशेब इतका चोख जुळत नाही. पण दिशा हीच.

या हिशेबाचे सूत्र एका नामवंत पदार्थवैज्ञानिकाने मांडलेले आहे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या प्रचंड कणवेगक प्रयोगशाळेचे पहिले संचालक वुल्फगँग पॅनोफ्स्की यांना किलोला-इतकी-मिनिटे हा प्रकार पटत नसे. त्यांचे सूत्र असे: टर्कीचे वजन पौंडांत घ्यावे, त्याच्या घनमुळाचा वर्ग करावा आणि दीडने भागावे, उत्तर तासांत येते, ओव्हन १६३ अंशांवर. दहा पौंड, म्हणजे आपले साडेचार किलो, घेतले तर उत्तर तीन तास पाच मिनिटे येते. वीस पौंडांना पाच तासांना थोडे कमी. म्हणजे वजन दुप्पट, पण वेळ दीडपटीहून किंचित जास्त. वरच्या वर्गातल्या मुलांना घनमूळ शिकवताना आम्ही हे उदाहरण घातले तर मुले दुपारच्या तासालाही जागी राहतील.

ज्यांना घनमुळाचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी इंग्लंडात रूढ असलेला नियम सोपा आहे. चार किलोच्या वरच्या टर्कीला किलोमागे २० मिनिटे आणि त्यावर सरसकट ९० मिनिटे. चार किलोच्या आतल्या टर्कीला किलोमागे २० आणि वर ७०. ओव्हन १८० अंशांवर. ते वरचे दीड तास कशासाठी, असे विचारणाऱ्याला उत्तर मिळालेच आहे: त्रैराशिकाची खोट भरून काढण्यासाठी. साडेचार किलोला यानेही तीन तास येतात. तीन वेगवेगळे गुरू एकाच उत्तराशी आले, तेव्हा ते धरून चालावे.

पण हे तीन तास पूर्ण वितळलेल्या टर्कीचे. भाचीने टर्की फ्रीझरमधून काढून खालच्या कप्प्यात ठेवली ती मंगळवारी रात्री. पोटात हात घातला तेव्हा आत बर्फाची कपची लागली होती. तिला वाटले, ओव्हनमध्ये जाईल. बर्फ जातो, पण त्यासाठी उष्णता खर्च होते आणि घड्याळ तेवढे थांबते. फ्रीजमध्ये दर दोन किलोंना एक पूर्ण दिवस-रात्र धरावी. साडेचार किलोला अडीच दिवस, आणि हाताशी अर्धा दिवस जास्त असावा. गुरुवारी संध्याकाळी भाजायची तर टर्की सोमवारी सकाळी कामावर जाण्यापूर्वी खाली उतरली पाहिजे. वितळलेली टर्की फ्रीजमध्ये एक-दोन दिवस चांगली राहते, म्हणून लवकर काढण्यात नुकसान नाही. खाली खोल परात हवी, नाहीतर ओघळलेले पाणी कोथिंबिरीवर जाते.

कुणी विसरलेच तर गार पाण्याचा उपाय आहे. वेष्टनासकट टर्की पूर्ण बुडवायची, दर अर्ध्या तासाने पाणी बदलायचे. अर्ध्या किलोला अर्धा तास, म्हणजे साडेचार किलोला सुमारे पाच तास. दोह्यात याला एक अडचण आहे. तेथे बऱ्याच घरांचे पाणी गच्चीवरच्या टाकीतून येते. उन्हाळ्यात तर गार पाण्याच्या नळातून कढत पाणी पडते. डिसेंबरात ते निवलेले असते, तरी पाण्यात बर्फाचे खडे टाकावेत. ओट्यावर रात्रभर उघडी ठेवून वितळवणे मात्र कोणत्याही देशात करू नये. आतला भाग गोठलेला असतानाच बाहेरचे मांस ऊबदार होते, आणि चार अंशांपासून साठ अंशांपर्यंतचा पट्टा रोगजंतूंना फार मानवतो.

आणखी एक सवय आपल्या घरांतली. कोंबडी आणली की नळाखाली धरून, हळद-मीठ लावून खळखळून धुवायची. आपल्या आया-आज्यांनी तसेच केले, कारण त्यांच्या काळी कोंबडी अंगणातच सोलली जाई. वेष्टनातल्या टर्कीला धुवू नये. धुण्याने जंतू मरत नाहीत, शिंतोड्यांबरोबर ओट्यावर, चाकूवर, शेजारच्या काकडीवर मात्र जातात. कागदाने टिपून कोरडी करावी. कातडीही त्यामुळेच कुरकुरीत होते. वेष्टनावर मिठाच्या पाण्याचा उल्लेख असेल तर वरून मीठ बेताने. बाकी आले-लसूण, मिरे, लिंबू आणि लोणी कातडीखाली भरावे की नाही, हा ज्याच्या त्याच्या घराचा प्रश्न. पोटात सारण भरू नये असे मात्र आमचे ठाम मत. सारण सर्वांत आत, सर्वांत शेवटी तापते, कच्च्या मांसाचे पाणी शोषते, आणि भाजण्याचा वेळही वाढवते. ते वेगळ्या भांड्यात करावे.

तर तीन तास झाले. टर्की झाली काय? हे घड्याळ सांगू शकत नाही. रंग सांगू शकत नाही, कारण पूर्ण शिजलेल्या टर्कीतही हाडाजवळ गुलाबी छटा राहते, आणि कधी पाणी स्वच्छ येऊनही मांडी कच्ची असते. मांसात खुपसायचा छोटा थर्मामीटर मिळतो, तोच खरा परीक्षक. मांडीच्या सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता, तो रोवायचा. मग छातीच्या जाड भागात, मग पंखाच्या सांध्यात. तिन्हीकडे ७४ अंश दिसले की टर्की खाण्यास निर्धोक. पूर्वी अमेरिकेत मांडीला ८२ अंशांपर्यंत न्यायला सांगत. २००६ साली तेथील शेती खात्याने सर्व पक्ष्यांना हा एकच आकडा ठरवून दिला. इंग्लंडात ७० अंशांवर दोन मिनिटे असे सांगतात. दोन्हींचा अर्थ एकच, साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर यांचा निकाल लागला पाहिजे. वाढणाऱ्या बाईच्या पंगतीत लहान मूल, गरोदर सून किंवा म्हातारे सासरे असतील तर हा आकडा केवळ पुस्तकी राहत नाही.

७४ हा निर्धोकतेचा आकडा झाला. चवीचे भांडण वेगळेच आहे. टर्कीच्या एका अंगात दोन जातींचे मांस असते. छाती पांढरी, बिनचरबीची. सत्तरीच्या वर जसजशी जाईल तशी कोरडी पडते. मांडीत चिवट धागे असतात, ते ऐंशीच्या जवळ गेल्यावर मऊ होतात. आखातात सणाला सबंध बकरे भातावर ठेवून वाढतात, त्याला हा त्रास नाही. मांस हाडावरून सुटेपर्यंत खुशाल शिजू द्यावे, उशीर झाला तर अधिकच चांगले. आपल्या मटणाचेही तसेच. म्हणून मटणात हात बसलेली सुगरणही टर्कीपुढे फसते: एकीकडे थांबले तर मांडी कच्ची, थांबत राहिले तर छातीचा भुसा.

त्यातून दोह्याच्या भाड्याच्या घरांतले ओव्हन. अख्ख्या जगाला नैसर्गिक वायू पुरवणाऱ्या देशात अनेक स्वयंपाकघरांत सिलिंडरच असतो, आणि तो संपायचा मुहूर्त सणाची संध्याकाळ. गॅसच्या ओव्हनमध्ये जाळ खालून. त्यामुळे बूड करपते आणि वर रंग येत नाही. बटणावरचा १६० आत १३५ असू शकतो किंवा १९०. ओव्हनच्या जाळीवर ठेवायचा एक साधा थर्मामीटर घेऊन आठवडाभर आधी रिकामा ओव्हन तापवून पाहावा. दार वारंवार उघडून लोणी शिंपडण्याचीही गरज नाही. प्रत्येक वेळी उष्णता बाहेर जाते आणि वेळ लांबतो. छाती लवकर तांबूस झाली तर तिच्यावर अॅल्युमिनियमची फॉइल सैल टाकावी.

या सगळ्यावर आम्हांला पटलेला उपाय म्हणजे टर्की अख्खी भाजण्याचा हट्टच सोडणे. वेळ जाडीवर ठरतो, तर जाडीच कमी करावी. मजबूत कात्रीने पाठीच्या कण्याची पट्टी दोन्ही बाजूंनी कापून काढली आणि छातीवर तळव्याने जोर देऊन टर्की पुस्तकासारखी उघडून पालथी घातली, की साडेचार-पाच किलोची टर्की २२० ते २३० अंशांच्या कडक ओव्हनमध्ये सुमारे दीड तासात होते. मांड्या वर उघड्या आल्यामुळे त्या छातीच्या आधी तापतात, म्हणजे भांडणही मिटते. ओव्हन अरुंद असेल तर मांड्या वेगळ्याच कापाव्यात, आधी त्या आत घालाव्यात, छाती अर्ध्या तासाने. टेबलावर अख्ख्या पक्ष्याची शोभा येत नाही हे खरे. पण तीनला सुटलेल्या बाईला चारला घरी पोचून, सहापर्यंत भाजून, शांतपणे आंघोळ करून पाहुण्यांना दार उघडता येते.

भाजल्यावर लगेच सुरी लावू नये. अर्धा तास तशीच झाकून ठेवावी. आतले रस स्थिरावतात, आणि मधले तापमान ओव्हनबाहेरही दोन-चार अंशांनी चढते. हा अर्धा तास हिशेबात आधीच धरलेला असावा, नाहीतर भुकेले पाहुणे आणि गृहिणी दोघांनाही तो फार लांब वाटतो.

उरलेली टर्की ओव्हनमधून काढल्यापासून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेली पाहिजे. सांगाडा तसाच आत कोंबू नये, मांस सोडवून उथळ डब्यांत पसरावे, म्हणजे लवकर गार होते. रात्रपाळीला गेलेल्या मैत्रिणीसाठी डबा द्यायचा असेल तर तो आधी फ्रीजमध्ये पूर्ण गार करावा, आणि वॉर्डात वाफ येईपर्यंत गरम करून खायला सांगावे. तीन-चार दिवसांत संपवावी. छातीच्या तुकड्यांची फोडणी देऊन खिचडी उत्तम होते. कापून ठेवलेला कणा आणि हाडे मिरे, आले आणि कांद्याबरोबर दोन तास मंद उकळली की जे सार निघते, ते भाचीच्या मते टर्कीपेक्षा चांगले लागते.